भिंतीपलीकडचा घरजावई

डुकरीण गाभण आहे की नाही हे ओळखायचं म्हणजे काही घडत नाही ना, एवढंच बघत राहायचं. नर दाखवून आणली की साधारण तीन आठवड्यांनी तिच्यावर लक्ष ठेवायचं. ती पुन्हा माजावर आली तर उलटली, म्हणजे सगळी मेहनत पाण्यात. नाही आली, नेहमीसारखी खाऊन-पिऊन आडवी झाली, तर बहुतेक ठरली. पोट दिसतं ते फार उशिरा, आणि जी डुकरीण शहरातल्या सदर बाजारच्या हॉटेलांतली उरलेली तंदुरी रोटी खाते तिच्या पोटावर तर मुळीच विश्वास ठेवू नये. आज मी हे मोठ्या शहाणपणानं सांगते आहे. त्या हिवाळ्यात मात्र मला पोटच दिसत होतं.

आमचं घर त्याच शहरातल्या चेरीताल भागात. आजोबा विदर्भातून इकडे आले, बाबा इथल्या एका संरक्षण कारखान्यात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. त्यांचं काम तपासणीचं. इतरांनी बनवलेले सुटे भाग गेज नावाचं मापाचं साधन लावून पाहायचे आणि पास किंवा रिजेक्ट म्हणायचं. त्यांच्या गेजला दोन टोकं असत. एक भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. बाकीची माणसं नोकरी कारखान्याच्या फाटकात सोडून घरी येत, आमच्या बाबांनी ती कधी सोडली नाही. पोळीची जाडी, माझा भांग, पाहुण्यांचं बोलणं, सगळ्याला गेज लागे. मला ते लहानपणापासून फार आवडायचे आणि लहानपणापासूनच मी त्यांच्यावर चिडत आले.

मी विजय नगरमधल्या एका ऑफिसात बसून वर्षानुवर्षं लोकांच्या तक्रारी फोनवर ऐकल्या. शेवटी एक दिवस मी वाजणारा फोन उचललाच नाही, पिशवी उचलली आणि नोकरी सोडली. मग सरकारी प्रशिक्षण घेतलं आणि बरेलाकडच्या रस्त्यालगत बाबांचा जो प्लॉट रिकामा पडला होता, तिथं वराहपालन करायचं ठरवलं. सदरला गिऱ्हाईक आहे, जागा आहे, मला जनावरांची भीती नाही, एवढा साधा हिशेब. घरात सांगितल्यावर आई म्हणाली की बघ बाई, वास तुलाच सोसायचा आहे. बाबा काहीच म्हणाले नाहीत, आणि ते वाईट लक्षण होतं.

आमच्या मागच्या पिढ्यांना जनावरांची कोणती कामं करावी लागली आणि ती का सोडली, हे आमच्या घरात मुलांना पाढ्यांच्या आधी शिकवतात. डुकरं त्यात नव्हती, पण नाक मुरडणारे एवढा तपशील विचारत नाहीत. काही दिवसांनी बाबा बोलले, तेव्हा चढ्या आवाजात नाही, अगदी हळू.

"आपल्या लोकांनी गाव काहून सोडलं? कोणी आपल्याकडं पाहून नाक धरू नये म्हणून. आन तू शिकून-सवरून तेच धरायला लावून राहिली."

मला त्यांचं म्हणणं खोटं वाटलं नाही, हीच अडचण होती. पण मला असंही वाटत होतं की नाक धरणाऱ्याच्या सोयीनं आपण काम निवडायचं तर मग सुटलो कशातून? हे मी तेव्हा बोलले नाही. आईनं मध्ये पडून तोड काढली, आणि बाबांनी जागा दिली ती एका अटीवर. रस्त्यावरून एकही डुक्कर दिसता कामा नये.

विहारात आणि नातेवाइकांत त्यांनी सांगून टाकलं की पोरीनं डेअरी काढली आहे. एकदा खोटं बोललं की निस्तरावं लागतं. बुद्ध पौर्णिमेच्या खिरीसाठी विहारातल्या एका काकूंनी आमच्याकडं घरचं दूध मागितलं. बाबांनी पहाटे दुकानातून दुधाच्या पिशव्या आणल्या, कात्रीनं कापून बादलीत ओतल्या आणि बादली स्वतः नेऊन दिली. खीर वाढताना काकू सगळ्यांना सांगत होत्या की घरच्या दुधाची गोष्टच न्यारी. आई पदर तोंडाला लावून हसत होती. मी मात्र वाटीकडं बघत राहिले आणि मला हसू आलं नाही.

पहिली दोन वर्षं माझ्याकडं नर नव्हता. पांढऱ्या जातीच्या तीन डुकरिणी होत्या. त्यांतली सगळ्यात मोठी ती थोरली, दोनदा व्यायलेली, पिल्लं अंगाखाली येऊ नयेत म्हणून बसताना आधी गुडघे टेकून मग कूस टाकणारी. थोरली माजावर येण्याच्या सुमारास पलीकडच्या गावातून एकाचा नर टेम्पोनं भाड्यानं आणायचा. आई त्याला जावई म्हणायची. जावई येणार म्हणून कोंड्यात गूळ पडायचा, जावई एक दिवस राहायचे, मानपान घ्यायचे आणि निघून जायचे. टेम्पोचा आवाज आला तरी थोरली कुंपणाशी यायची. तो उतरला की तिचे कान ताठ उभे राहायचे. पाठीवर दोन्ही हात ठेवून दाबलं तर जागची हलायची नाही. हे थांबणं म्हणजेच माज. ते एकदा पाहिलं की पुन्हा ओळखायला चुकत नाही, असं मला वाटायचं.

तिसऱ्या वर्षी मी स्वतःचा नर घेतला. त्याला ठेवायला प्लॉटवर दोनच जागा होत्या. एक पुढे फाटकाजवळ, जांभळाच्या झाडाखाली, रस्त्याला लागून. ती अटीत बसत नव्हती. म्हणून तो मागे, डुकरिणींच्या गोठ्याला चिकटून, मध्ये कमरेएवढी एक भिंत. मला तेही बरंच वाटलं. सगळं कुटुंब एका जागी, एका बादलीत खाणं. आईनं पहिल्याच दिवशी त्याचं नाव बदललं. म्हणाली की हा जावई नाही, हा घरजावई.

पावसाळा सरता सरता तिघींना तारखांच्या हिशेबानं आळीपाळीनं त्याच्याकडं नेलं. मग तीन आठवडे झाले, सहा झाले, कोणीही माजाचं नाव काढलं नाही. कान उभे नाहीत, कुंपणाशी येणं नाही, पाठ दाबली की कुरकुरत पुढे चालू पडायच्या. मी खूश. सिंघाडे संपून बाजारात मटार उतरले तोवर तिघींची पोटंही सुटली. मी व्यायच्या जागेत पेंढा टाकायला सुरुवात केली. आई विचारायची की खात्री आहे ना, तर मी म्हणायची की आंधळ्यालाही दिसेल.

सदरचा मांसवाला व्यापारी दर वर्षी बडा दिन, म्हणजे नाताळ, जवळ आला की चक्कर मारायचा. तो थोरलीकडं बोट दाखवून म्हणाला की हिचं वय झालं, गाभण नसेल तर मला दे. त्याचं म्हणणं चूक नव्हतं. रिकामी डुकरीण पोसणं मला परवडणारं नव्हतं, आणि तिघी रिकाम्या असत्या तर मला फाटकाला कुलूप लावून पुन्हा विजय नगरच्या खुर्चीत जावं लागलं असतं. मी हसून सांगितलं की भैया, पुढच्या साली या, हिला पिल्लं व्हायची आहेत. तरी मनाच्या समाधानासाठी म्हणून मी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांच्याकडं पिशवीत मावणारं सोनोग्राफीचं मशीन होतं.

त्यांनी थोरलीच्या कुशीला जेल लावली, यंत्र इकडून तिकडे फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग दुसरी. मग तिसरी. पडद्यावर जिथं काळे गोल दिसायला हवे होते तिथं नुसतं करडं दिसत होतं.

"दीदी, तीनों खाली हैं," त्या म्हणाल्या. "ये पेट नहीं, चर्बी है."

तिघीही रिकाम्या. मी पेंढ्यावर बसून राहिले. मला आधी त्यांच्या मशीनचा राग आला, मग थोरलीचा. ती भिंतीला टेकून उभी होती आणि पलीकडून नर तिच्या कानाशी फुरफुरत होता, आणि ती त्याच्याकडं ढुंकूनही बघत नव्हती. टेम्पोच्या आवाजावर धावणारी ही बाई. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं की नर चोवीस तास शेजारी असला तर यांना त्याचं काही वाटेनासं होतं का? त्या म्हणाल्या की असंच होतं. वास, आवाज, सगळं अंगवळणी पडतं. माज येतो आणि जातो, पण त्या दाखवत नाहीत. नर लांब ठेवायचा आणि रोज थोडा वेळ समोर आणायचा, तेव्हा त्या बोलतात.

म्हणजे त्या उलटल्या होत्या, एकदा नाही, दोन-तीनदा. मी ज्याला काही घडत नाही असं समजत होते ते घडून गेलं होतं, आणि मला दिसलं नव्हतं. अतिपरिचयात अवज्ञा, दुसरं काय. आणि ही चूक दुसऱ्या कोणाच्या वराहशाळेत झाली नसती, कारण दुसऱ्या कोणाच्या बापानं नराला रस्त्यापासून लपवायला सांगितलं नसतं.

त्या संध्याकाळी मी घरी जाऊन बाबांसमोर उभी राहिले. सगळं सांगितलं. म्हटलं की नर पुढे फाटकापाशी न्यावा लागेल, नाहीतर बड्या दिनाच्या आत थोरली जाईल आणि तिच्यामागे सगळंच जाईल. बाबा टीव्हीकडं बघत होते. बघता बघताच म्हणाले, "मंग जाऊ दे."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं की बरोबर आहे, तुमची तर डेअरी आहे, तुम्हाला डुकरिणीचं काय. उद्यापासून दुधाच्या पिशव्या कापून बादलीनं विकत जा, विहारात गिऱ्हाईक तयारच आहे. असं मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, आमच्या दोघांकडं पाहिलं आणि परत आत गेली. मी रडत झोपायला गेले, आणि मला रडू कशाचं येत होतं तर थोरलीचं नव्हे. माझ्या हातचं काहीही त्यांनी अजून एकदाही पास केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी प्लॉटवर पोचले तेव्हा फाटकाशी ऑटो उभा होता आणि बाबा जांभळाखाली मापाची पट्टी लावत होते. नाकाला रुमाल बांधलेला. त्यांच्याबरोबर एक मिस्त्री होता. रस्त्यावर उभं राहून, मग स्कूटरवाल्याच्या उंचीनं, मग गाडीत बसणाऱ्याच्या उंचीनं त्यांनी नजर लावली, आणि रस्त्याच्या बाजूनं माणसाच्या खांद्याएवढी भिंत आखली. आतल्या बाजूला लोखंडी जाळीचं दार, म्हणजे डुकरिणींना तो समोरासमोर दिसेल. नर पुढे आला, पण अट शाबूत राहिली. ओळंबा लावून लावून त्यांनी त्या मिस्त्रीचा जीव खाल्ला. इतकी सरळ भिंत आमच्या राहत्या घरालाही नाही.

घरजावई नव्या जागी गेला. काही दिवस गोठ्यात शांतता राहिली. मग रोज सकाळी मी एकेकीला पुढे घेऊन जायला लागले. व्यापाऱ्याचा एक फोन येऊन गेला होता. एका सकाळी थोरली अर्ध्या वाटेतच थबकली, नाक वर केलं आणि मला ओढत निघाली. जाळीपाशी तिचे कान उभे राहिले. माझ्या एका हातात नराला अडवायची फळी, दुसऱ्या हातात दार. पाठ दाबायला तिसरा हात नव्हता. बाबा भिंतीला पाणी मारत होते.

"बाबा, हिच्या पाठीवर हात ठेवून दाबा," मी म्हटलं.

मला वाटलं ते ऐकलं न ऐकलंसं करतील. त्यांनी पाइप खाली ठेवला, नळ बंद केला, कारण पाणी वाया गेलेलं त्यांना चालत नाही, आणि आले. आधी दोन बोटं लावली. मग दोन्ही तळवे. मग कारखान्यात एखादा भाग पक्का बसला आहे का ते बघावं तसा अंगाचा भार दिला. थोरली खांबासारखी उभी. त्यांनी आणखी भार दिला. ती हलली नाही.

"लॉक झाली," ते म्हणाले. रुमाल त्यांच्या गळ्यात घसरला होता आणि त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. मी दार उघडून तिला नराकडं सोडलं. त्यानंतर बाबांनी साबण लावून कितीतरी वेळ हात धुतले, पण ते घरी गेले नाहीत.

व्यापारी आला तेव्हा मी त्याला थोरली दिली नाही, आणि ती नक्की ठरली आहे असंही सांगितलं नाही. एकदा तोंड पोळलेलं. फक्त म्हटलं की थांबायचं आहे. बडा दिन गेला. नर दाखवून तीन आठवडे होत आले तशी मी रोज तिला जाळीपाशी न्यायची आणि बाबा रोज पाठ दाबायचे. ते आता न सांगता येत. थोरली एक पाऊल थांबायची, नराला हुंगायची आणि कंटाळून पुढे चालू पडायची.

"मंग?" बाबा विचारायचे.

मी म्हणायची की मग काही नाही, आणि काही नाही हेच पाहिजे आहे. त्यांना ते पटत नव्हतं. काहीच न होणं ही तपासणी कशी, असं ते जेवताना आईला विचारत. आई म्हणाली की एवढी वर्षं मी तुमची पसंती कशी ओळखली? तुम्ही काही बोलला नाही, म्हणजे भाजी जमली. यावर बाबा काही बोलले नाहीत, आणि आई माझ्याकडं पाहून हसली.

एक गोष्ट बाबांच्या मापात बसली नव्हती. डुक्कर मागच्या पायांवर उभं राहतं. घरजावयाला रस्त्यावर हॉर्न वाजलेला कळायचा. तो पुढचे पाय भिंतीवर टेकून उभा राहायचा आणि त्याचं भलंमोठं तोंड भिंतीवरून बाहेर यायचं, सोसायटीच्या गच्चीतून खाली बघणाऱ्या निवृत्त माणसासारखं. येणारे-जाणारे थांबून हसायचे. भिंत आणखी वाढवायची का, असं मी विचारलं तेव्हा बाबांनी नुसतं पाहू म्हटलं.

जानेवारीतल्या एका दुपारी मी आत बादल्या घासत होते. बाहेर स्कूटर थांबली. बाबांच्या कारखान्यातले जुने सोबती, आमच्याच समाजातले, बायकोला घेऊन पुढच्या लॉनवर लग्नाला निघाले होते. भिंतीवर घरजावई हजर. बाबा पाइप घेऊन तिथंच उभे. लपायला जागा नव्हती. मी मनात म्हटलं की आता हे मिस्त्रीचं डुक्कर होणार, नाहीतर शेजारच्याचं. मी बादली ठेवून दाराच्या फटीशी गेले.

"काहो, तुमची तं डेअरी होती ना?" ते सोबती हसत म्हणाले. "हे कोणाचं डुक्कर उभं आहे तुमच्या भिंतीवर?"

बाबांनी नळ बंद केला. मला वाटतं तेवढ्यात त्यांनी गेजची दोन्ही टोकं लावून पाहिली असतील.

"माझ्या पोरीचं आहे," ते म्हणाले. "डेअरी-बिअरी काही नाही. डुकरं आहेत. याले पुढं ठेवा लागते, मागं ठेवला तं त्यायले याची किंमत राहत नाही. आन आत एक थोरली आहे, ते गाभण आहे."

सोबत्यांच्या बायकोनं पदर नाकाला लावला. मी फटीतून पाहिलं. बाबांनीही पाहिलं असणार. ते म्हणाले की वहिनी, परतताना या, चहा घेऊन जा. मग स्कूटर गेली.

ते आत आले आणि माझ्याजवळ उभे राहिले. गळ्यातला रुमाल काढून त्यांनी घडी घातली, खिशात ठेवला. कोणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं त्यांनी आवाज खाली आणला.

"आहे ना गं गाभण? मी सांगून बसलो."

मशीन रविवारी येणार होतं. माझ्याकडं दाखवायला काहीच नव्हतं, तीन आठवड्यांत काही घडलं नव्हतं एवढंच. मागच्या वेळीही मी एवढ्यावरच फसले होते. पण या वेळी आम्ही दोघं बघत होतो.

"हाव बाबा," मी म्हटलं.

रविवारी डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर काळे गोल दाखवले, तेव्हा मी फारसं पाहिलंच नाही. बाबांनी ती आधीच पास केली होती.